चाकांवर सूर बसवणारा माणूस

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर नवी मोटार दारात आली, की पेढे वाटून होताच घरातल्या तरुण मंडळींचे लक्ष जाते ते तिच्यातल्या संगीताकडे. कंपनीने बसवून दिलेल्या स्पीकरमधून तबल्याची चाट तर ऐकू येते, पण डग्ग्याची घुमक कुठे हरवते, हे कळत नाही. मग उपनगरातल्या एखाद्या ॲक्सेसरीजच्या दुकानात फेरी होते. दुकानदार बारा इंची वूफर आणि त्यासाठीची भलीमोठी लाकडी पेटी दाखवतो, आणि तिथेच घरातल्या दोन पिढ्यांचे मतभेद सुरू होतात. पेटी डिकीत ठेवली तर गावी जाताना बॅगा कुठे ठेवायच्या? त्यात गाडीला सीएनजीची टाकी बसवलेली असेल, तर डिकी आधीच अर्धी गेलेली. खर्ज तर हवा, पण जागा गमवायची नाही, असा हा पेच आहे.

हा पेच आजचा वाटला तरी मोटारीतल्या संगीताइतकाच जुना आहे. किंबहुना मोटारीत संगीत आले तेच मुळी जागेशी भांडत. ते भांडण धंद्याच्या पातळीवर पहिल्यांदा यशस्वीपणे मिटवणारा माणूस ना शास्त्रज्ञ होता, ना संगीतकार. दोनदा दिवाळे पाहिलेला, शिक्षण अर्धवट सोडलेला आणि लिलावात विकत घेतलेल्या सामानावर कारखाना उभा करणारा तो एक अमेरिकन उद्योजक होता. त्याचे नाव पॉल व्हिन्सेंट गॅल्विन. त्याच्या नावापेक्षा त्याने आपल्या मोटार-रेडिओला दिलेले नाव जगभर जास्त गाजले. ते नाव म्हणजे ‘मोटोरोला’.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात हार्वर्ड नावाचे एक छोटे गाव आहे. त्या सुप्रसिद्ध विद्यापीठाशी त्याचा काहीही संबंध नाही. शेतीवाडीने वेढलेल्या या गावाला महत्त्व होते ते रेल्वेमुळे. तेथे २९ जून १८९५ रोजी पॉलचा जन्म झाला. शिकागोकडे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या स्थानकात थांबत, आणि त्या थोड्या मिनिटांत डब्याडब्यांतून मक्याच्या लाह्या विकणारी पोरे फलाटावर धावत. पॉल त्यांपैकीच एक होता. गाडी किती वेळ थांबते, कुठल्या डब्यात भुकेले प्रवासी असतात आणि गिऱ्हाइकाच्या खिशातले नाणे बाहेर येईपर्यंत किती क्षण लागतात, याचा हिशेब तो वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी शिकला. पुढच्या आयुष्यात त्याला जे काही व्यापारी शहाणपण लाभले, त्याची मुळाक्षरे त्याने या फलाटावर गिरवली होती.

पुढे इलिनॉय विद्यापीठात त्याने दोन वर्षे काढली, पण पदवी घेतली नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली, तेव्हा तोफखान्यात अधिकारी म्हणून तो फ्रान्सला गेला. परतल्यावर शिकागोत बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीत त्याने नोकरी धरली. १९२० साली लिलियन गिनन हिच्याशी त्याचा विवाह झाला. संसार सुरू झाला आणि त्याबरोबरच स्वतःचा धंदा काढण्याची ओढही वाढू लागली.

दोन अपयशे

१९२१ साली एडवर्ड स्टुअर्ट या मित्राच्या भागीदारीत गॅल्विन यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मार्शफिल्ड या गावी बॅटऱ्यांचा कारखाना सुरू केला. बॅटरी ही वस्तू जड. ती दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवताना वाहतुकीचा खर्चच नफा खाऊन टाकी. त्यातच व्यापारातील मंदी आली. १९२३ मध्ये थकलेल्या करापायी सरकारने कारखान्याला कुलूप ठोकले. दुपारच्या जेवणाहून परतलेल्या गॅल्विन यांना आत राहिलेला कोटही सहजासहजी काढू दिला गेला नाही, अशी हकीकत सांगितली जाते. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९२२ मध्ये, त्यांच्या मुलाचा, रॉबर्टचा, जन्म झाला होता. तान्हे मूल, हातात पैसा नाही आणि माथ्यावर अपयशाचा शिक्का, अशा अवस्थेत हे कुटुंब शिकागोला परतले.

तेथे एमिल ब्राख या मिठाई कारखानदाराकडे गॅल्विन यांनी खासगी सचिवाची नोकरी पत्करली. गोळ्या-चॉकलेटच्या त्या कारखान्यात काही काळ सुखाने घालवता आला असता. परंतु १९२६ मध्ये स्टुअर्ट यांनी पुन्हा हाक दिली आणि गॅल्विन पुन्हा बॅटऱ्यांकडे वळले. १९२८ मध्ये हाही उद्योग बुडाला. तेहेतीस वर्षांच्या माणसाच्या खाती दोन बंद पडलेले कारखाने जमा झाले.

मात्र या दुसऱ्या अवशेषातून गॅल्विन यांनी एक गोष्ट वेचून घेतली. त्या काळी घरगुती रेडिओ बॅटऱ्यांवर चालत. त्या महाग असत, संपत आणि गळतही. घरातल्या विजेवर रेडिओ चालवता यावा म्हणून ‘बॅटरी एलिमिनेटर’ नावाचे एक उपकरण निघाले होते. स्टुअर्ट यांच्या कारखान्यात त्याचेही काम होत असे. कंपनीच्या मालमत्तेचा लिलाव झाला, तेव्हा गॅल्विन यांनी एलिमिनेटरचे आराखडे आणि हत्यारे ७५० डॉलरला सोडवून घेतली. बॅटऱ्यांनी ज्याला दोनदा बुडवले, त्याने बॅटरीला रजा देणारे यंत्र विकत घेतले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

२५ सप्टेंबर १९२८ रोजी पॉल आणि त्यांचा धाकटा भाऊ जोसेफ यांनी शिकागोत हॅरिसन स्ट्रीटवरील भाड्याच्या जागेत ‘गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन’ची स्थापना केली. हाताशी रोकड ५६५ डॉलर आणि कामगार पाच. पॉल बाहेरचा व्यवहार पाहत. जोसेफ कारखान्यात राबत आणि कामगारांच्या सुखदुःखात मिसळत. वर्षभरातच दोन संकटे एकदम आली. विजेवर थेट चालणारे रेडिओ बाजारात आल्यामुळे एलिमिनेटरची गरजच संपत चालली, आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. तिसरे दिवाळे दाराशी येऊन उभे राहिले.

मोटार नावाचे बेसूर घर

याच सुमारास गॅल्विन यांच्या कानावर आले, की काही हौशी मंडळी घरचा रेडिओ खटपट करून मोटारीत बसवून घेतात आणि त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. मोटारीतला रेडिओ ही कल्पना काही त्यांची नव्हती. १९२० च्या दशकात असे प्रयोग झाले होते आणि ‘ट्रान्झिटोन’ नावाचा एक मोटार-रेडिओ बाजारात आलेलाही होता. पण ती श्रीमंतांची चैन होती. सामान्य मोटारवाल्याला परवडेल आणि कोणत्याही मोटारीत बसेल असा रेडिओ अद्याप बनायचा होता. गॅल्विन यांनी आपली उरलीसुरली पुंजी या एका कल्पनेवर लावायचे ठरवले.

या कामात त्यांना दोन तरुणांची साथ मिळाली. एक विल्यम लिअर. शाळा अर्धवट सोडलेला, पण विलक्षण कल्पक असा हा तंत्रज्ञ पुढे ‘लिअरजेट’ विमानांमुळे जगप्रसिद्ध झाला. दुसरा एल्मर वेव्हरिंग. तो पुढे याच कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत पोचला.

काम वाटले त्याहून कितीतरी कठीण निघाले. मोटार ही ध्वनीच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीची जागा आहे. इंजिनाच्या प्रत्येक स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक नको असलेले इवलेसे प्रक्षेपण केंद्रच असते. रेडिओ लावला की गाण्याऐवजी इंजिनाची कडकड ऐकू येई. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्लगला दाबक जोडावा लागला आणि तारांना धातूचे कवच घालावे लागले. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी काचेच्या व्हॉल्व्हमधील नाजूक तारा तुटत. छतातून एरियलची तार फिरवायची, तर आतले अस्तर उसवून पुन्हा शिवावे लागे.

आणि मग जागा! त्या काळचा मोटार-रेडिओ म्हणजे एक वस्तू नव्हती, ते एक बिऱ्हाडच होते. व्हॉल्व्हची पेटी डॅशबोर्डमागे कोंबायची, स्पीकर वेगळा बसवायचा, चालवण्याच्या कळा स्टिअरिंगच्या दांड्यावर आणून लवचीक तारांनी मुख्य पेटीशी जोडायच्या. व्हॉल्व्हना मोटारीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक दाब लागे, म्हणून वेगळ्या बॅटऱ्या आणाव्या लागत. त्या ठेवायच्या कुठे, तर तळाची फळी कापून पायाखाली. दोन माणसांना हे सगळे बसवायला काही दिवस लागत. यातून एक तत्त्व मात्र स्पष्ट होत होते. रेडिओने पायांची, सामानाची वा प्रवाशाची जागा बळकावता कामा नये. माणूस मोटार घेतो ती माणसांना आणि सामानाला वाहून नेण्यासाठी, पेट्या वाहण्यासाठी नव्हे. मोटारीत जी जागा वाया जाते तीच रेडिओची जागा. डॅशबोर्डमागची पोकळी, फळीखालचा खड्डा आणि छताचे अस्तर यांचा शोध घेत त्यांचा संच बसला.

कर्ज मागायला गेलेल्या गॅल्विन यांनी एका बँकरच्या पॅकार्ड मोटारीत नमुन्यादाखल रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या मोटारीने पेट घेतला, ही गोष्ट कंपनीच्या आठवणींत हमखास सांगितली जाते. कर्ज अर्थातच मिळाले नाही.

अटलांटिक सिटीचा धक्का

जून १९३० मध्ये रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन अटलांटिक सिटी या सागरकिनारीच्या शहरात भरणार होते. तेथे मालाची मांडणी करण्यासाठी दालन घ्यायला गॅल्विन यांच्याजवळ पैसे नव्हते. दालन नव्हते, पण मोटार होती. आपल्या स्टुडबेकर गाडीत त्यांनी नुकताच जुळून आलेला रेडिओ बसवला, सोबत लिलियनला घेतले आणि शिकागोहून सुमारे तेराशे किलोमीटरचा प्रवास करून ते किनाऱ्यावर पोचले. अधिवेशनाच्या प्रवेशद्वाराजवळ गाडी उभी करून त्यांनी आवाज मोठा केला. येणारे-जाणारे विक्रेते थबकले. गॅल्विन त्यांना हाताला धरून गाडीत बसवत, ऐकवत आणि मागणी नोंदवून घेत. हार्वर्डच्या फलाटावर लाह्या विकणारा मुलगाच जणू पुन्हा गाडीच्या खिडकीशी उभा होता.

पुरेशा मागण्या मिळाल्या आणि कंपनी तरली. पहिल्या ५टी७१ या मॉडेलची किंमत ११० ते १३० डॉलरच्या घरात होती. फोर्डची नवी मोटार साधारण पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असताना ही किंमत हलकी नव्हती. तरीही लोक घेत होते. याच सुमारास गॅल्विन यांना नावही सुचले. मोटारीतला ‘मोटो’ घेतला आणि ‘व्हिक्ट्रोला’, ‘रेडिओला’ अशा त्या काळच्या लोकप्रिय गाणाऱ्या यंत्रांच्या नावातले ‘ओला’ शेपूट त्याला जोडले. उच्चारायला सोपा आणि अर्थाने स्वच्छ असा हा शब्द पुढे कंपनीपेक्षा मोठा झाला. १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव धारण केले.

विरोधही झाला. गाणे ऐकण्यात गुंग झालेला चालक अपघात करील, अशी भीती व्यक्त होऊ लागली. मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि सेंट लुइस शहरात मोटार-रेडिओवर बंदी घालण्याच्या सूचना पुढे आल्या. आज मोबाइलबाबत चालणारी चर्चा तेव्हा रेडिओबाबत चालली होती, एवढेच.

गॅल्विन यांचे खरे यश मात्र गर्दी जमवण्यात नव्हते, तर नंतरच्या चिकाटीच्या कामात होते. मोटारीच्याच बॅटरीवरून जास्त दाबाची वीज मिळवून देणारे ‘व्हायब्रेटर’ हे उपकरण आल्यावर पायाखालच्या वेगळ्या बॅटऱ्या गेल्या. पेट्या लहान झाल्या. १९३४ साली ‘बी. एफ. गुडरिच’ या टायर विकणाऱ्या साखळीशी करार झाला, आणि टायर बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिथेच रेडिओ बसवून मिळू लागला. बसवण्याच्या खर्चासह किंमत ५५ डॉलरपर्यंत खाली आली. चार वर्षांत चैनीची वस्तू मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली होती, तीही महामंदीच्या काळात.

खिशातला आणि खांद्यावरचा आवाज

पोलिसांच्या गाड्यांत घरगुती धाटणीचे रेडिओ टिकत नाहीत, हे गॅल्विन यांच्या ध्यानात आले होते. १९३६ च्या सुमारास कंपनीने खास पोलिसांसाठी, एकाच ठरावीक तरंगलांबीवर बांधलेला ‘पोलिस क्रूझर’ रेडिओ बनवला. त्याच वर्षी त्यांनी कुटुंबासह युरोपचा प्रवास केला. जर्मनीतील वातावरण पाहून युद्ध अटळ आहे अशी त्यांची खात्री पटली, आणि परतल्यावर त्यांनी सैनिकांच्या उपयोगाच्या संपर्क साधनांवर काम सुरू केले. कनेक्टिकटच्या पोलिसांसाठी एफएम पद्धतीची दुतर्फा यंत्रणा उभारणाऱ्या डॅनियल नोबल या प्राध्यापकांना त्यांनी १९४० मध्ये कंपनीत आणले. प्राध्यापकाला कारखान्यात बसवणे ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती.

त्याचे फळ लगेच मिळाले. हातात धरता येणारा, सुमारे सव्वादोन किलो वजनाचा ‘हँडी-टॉकी’ आणि सैनिकाच्या पाठीवर बसणारा एफएम ‘वॉकी-टॉकी’ ही दोन्ही साधने दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने मोठ्या प्रमाणावर वापरली. मोटारीच्या पोकळीत आवाज बसवता बसवता गॅल्विन यांच्या माणसांनी तो मुठीत बसवला होता.

पण ज्या वर्षांत कंपनीचे नाव मोठे झाले, त्याच वर्षांत गॅल्विन यांचे घर उद्ध्वस्त झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन येथील राहत्या घरी लिलियन आणि घरकाम करणारी स्त्री अशा दोघींचा खून झाला. मार्शफिल्डच्या कुलपापासून अटलांटिक सिटीच्या प्रवासापर्यंत जिने प्रत्येक पडझडीत साथ दिली, ती सोबतीण अशी गेली. दोन वर्षांनी, १९४४ मध्ये, जोसेफही गेला. पाच कामगारांच्या त्या खोलीत पॉलसोबत ज्याने पहिला दिवस काढला होता, तो भाऊ. कारखान्यात तेव्हा युद्धाच्या मागण्यांमुळे रात्रंदिवस काम चालू होते. गॅल्विन कामात बुडून राहिले. १९४५ मध्ये त्यांनी व्हर्जिनिया क्रिचफिल्ड यांच्याशी दुसरा विवाह केला.

जोसेफच्या वारशाचा एक भाग पॉल यांनी धोरणातून जपला, असे म्हणता येईल. १९४७ मध्ये कंपनीने कामगारांना नफ्यात वाटा देणारी योजना सुरू केली. त्याच सुमारास दोनशे डॉलरच्या आत मिळणारा टेलिव्हिजन संच बाजारात आणून कंपनीने प्रतिस्पर्ध्यांना चकित केले. स्वस्त, आटोपशीर आणि टिकाऊ, हे सूत्र मोटार-रेडिओवरून थेट दिवाणखान्यात आले होते.

डिकीतल्या पेटीचे गणित

गॅल्विन यांच्या शेवटच्या दशकातील एका निर्णयाचा आजच्या वूफरशी सर्वांत जवळचा संबंध आहे. १९४९ मध्ये नोबल यांच्या आग्रहाने कंपनीने ॲरिझोनातील फिनिक्स येथे संशोधनशाळा काढली. ट्रान्झिस्टरचा शोध लागून जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते. १९५५ मध्ये तेथून जर्मेनियमचा पॉवर ट्रान्झिस्टर बाजारात आला. व्यापारी प्रमाणावर बनलेल्या अशा पहिल्या ट्रान्झिस्टरांत त्याची गणना होते. आणि तो बनवला होता तो मोटारीच्या रेडिओसाठी.

याचे महत्त्व समजण्यासाठी खर्जाचे शास्त्र थोडे पाहायला हवे. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. उंच स्वरांत याने फारसे बिघडत नाही. पण खर्जाच्या लांब लहरी पडद्याच्या कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि परस्परांना खाऊन टाकतात. म्हणून स्पीकरची मागची बाजू पेटीत बंद करावी लागते. पेटी लहान असेल, तर आतली कोंडलेली हवा ताठ स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला खालचे स्वर मोकळेपणी काढू देत नाही. त्यातच मोटारीत इंजिनाची आणि रस्त्याची घरघर ही मुख्यतः खालच्या स्वरांतच असते. ती खर्जाला झाकून टाकते. पहिल्या मोटार-रेडिओतून बातम्या आणि गायिकेचा आवाज स्पष्ट येई, पण ढोलाचा ठेका हरवे, तो याच कारणांनी.

अमेरिकन तंत्रज्ञ हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम हेच गणिताने सांगतो. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. कोणत्याही दोन निवडायच्या आणि तिसरीवर पाणी सोडायचे. तेवढ्याच विजेत आणि तेवढ्याच आवाजात एक सप्तक खाली उतरायचे, तर पेटी आठपट मोठी लागते. उलट खर्जाची खोली कायम ठेवून पेटी निम्मी करायची, तर दुप्पट वीज ओतावी लागते.

व्हॉल्व्हच्या काळात वीज हीच दुर्मिळ होती. रेडिओ जास्त वेळ चालला तर बॅटरी उतरे आणि गाडी सुरू होत नसे. त्यामुळे वीज उधळून जागा वाचवण्याचा मार्गच बंद होता. पॉवर ट्रान्झिस्टरने तो उघडला. त्याला शेकडो व्होल्टची गरज नव्हती, तो मोटारीच्या बारा व्होल्टवर थेट चाले. व्हायब्रेटर गेला, तापणारे व्हॉल्व्ह गेले, पेटी आक्रसली. सुरुवातीचे हे ट्रान्झिस्टर काही वॅटच देत, पण दिशा ठरून गेली. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले, शक्ती वाढत गेली आणि किंमत उतरत गेली. वीज स्वस्त झाल्यामुळेच जागा वाचवणे शक्य झाले.

आज आसनाखाली सरकवता येणारा, स्वतःचाच ॲम्प्लिफायर पोटात घेऊन येणारा चपटा वूफर मिळतो. जादा चाकाच्या खोबणीत बसणाऱ्या गोल पेट्या मिळतात. डिकीच्या बाजूच्या कोनाड्याला साच्याने बेतलेल्या फायबरच्या पेट्याही बनवून घेता येतात. बंद मोटारीची लहानशी जागाच अगदी खालचे स्वर उचलून धरते, हाही एक फायदा जाणकार करून घेतात. या सर्व उपायांचे मर्म एकच आहे. गाडीतली वाया जाणारी पोकळी शोधायची, पेटी लहान ठेवायची आणि उणीव विजेने भरून काढायची. लहान पेटीला मोठ्या पेटीइतका खर्ज फुकट मिळत नाही, हे मात्र दुकानदार सांगो वा न सांगो, लक्षात ठेवावे लागते. जादा वीज ओढायची, तर तारा जाड हव्यात आणि बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवा. बँकरच्या पॅकार्डची गोष्ट आजही तितकीच उपयोगाची आहे.

उरलेला आवाज

१९५६ मध्ये गॅल्विन यांनी कंपनीचे अध्यक्षपद रॉबर्टकडे सोपवले आणि स्वतः संचालक मंडळाचे प्रमुख राहिले. रक्ताच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. ५ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ५६५ डॉलरवर सुरू झालेल्या कंपनीत तोवर हजारो माणसे काम करत होती.

त्यांच्या माघारी मोटारीतले संगीत आणखी एक पायरी चढले. जुने सहकारी विल्यम लिअर यांनी घडवलेली आठ ट्रॅकची कॅसेट १९६५ पासून फोर्डच्या गाड्यांत आली आणि तिचे प्लेअर बनवले ते मोटोरोलाने. मोटारीत कोणते गाणे लागावे हे ठरवण्याचा हक्क रेडिओ केंद्राकडून प्रवाशाकडे आला. कंपनी पुढे दुसऱ्याच वाटांनी गेली. १९८३ मध्ये तिने पहिला व्यापारी हातातला मोबाइल फोन बाजारात आणला. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यातल्या विक्री प्रतिनिधींच्या आणि डॉक्टरांच्या कमरेला लटकलेल्या पेजरवर हेच नाव झळकत असे. त्याच दशकात गॅल्विन यांच्या जन्मगावी, हार्वर्डला, कंपनीने मोबाइलचा प्रचंड कारखाना उभारला आणि २००३ मध्ये तो बंदही केला. २०११ मध्ये कंपनीचे दोन तुकडे झाले आणि त्याच वर्षी रॉबर्ट गॅल्विनही निवर्तले. फोनचा व्यवसाय आधी गुगलकडे आणि २०१४ मध्ये लेनोवो या चिनी कंपनीकडे गेला. ज्या मोटारीवरून नाव पडले, तिच्याशी त्या फोनचे नाते आज कोणाला आठवतही नाही.

कंपन्या येतात आणि जातात. दोन कारखाने बुडालेले पाहिलेल्या पॉल गॅल्विन यांना हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. परंतु रस्त्याने जाणाऱ्या माणसाला गाण्याची सोबत हवी असते, आणि ती त्याच्या कुटुंबाची, सामानाची जागा न घेता मिळाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पुढच्या पाडव्याला डिकीच्या झाकणाशी उभे राहून बाप-लेक पेटीच्या मापावरून वाद घालतील, तेव्हा त्या वादाला नव्वद वर्षांहून अधिक काळाची परंपरा असेल. तोडगाही बव्हंशी तोच असेल. जी जागा कोणी वापरत नाही ती शोधावी, आणि तिथे सूर बसवावा.